राजकारण्यांच्या पेहरावाची बातमी : कुठवर योग्य आणि कुठून उथळ?

मुद्रितशोधक :
मी एका जिल्हा दैनिकाच्या पुरवणी विभागात काम करते. गेल्या आठवड्यात आमच्या भागातील एका राजकीय घराण्यातल्या विवाहसोहळ्याची छायाचित्रे आली. त्यांच्यासोबत वधूच्या पोशाखाच्या डिझायनरचे प्रसिद्धिपत्रकही, कोणी न मागता, व्हॉट्सॲपवर येऊन पोहोचले. पानावर जी ओळ गेली तीत एका महिला आमदारांच्या हातातील पर्सची किंमत छापली गेली. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या दोन माजी मंत्र्यांच्या मनगटी घड्याळांविषयी मात्र अवाक्षर नव्हते. वरिष्ठांना विचारले तेव्हा 'लोक हेच वाचतात' एवढेच उत्तर मिळाले. लोक वाचतात हे मलाही नाकारता येत नाही. परंतु सार्वजनिक जीवनातील व्यक्तीचा पेहराव आणि झगमगाट नेमका केव्हा बातमीचा विषय ठरतो, याची काही कसोटी जाणकारांना सांगता येईल का?

जुना_बातमीदार :
ताई, दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहा. १३ सप्टेंबर २००८ रोजी दिल्लीत साखळी स्फोट झाले, आणि त्या संध्याकाळी तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री, आपल्या लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर, काही तासांच्या अंतराने वेगवेगळ्या पोशाखांत कॅमेऱ्यांसमोर दिसले. त्यांच्या कडक इस्त्रीच्या बंदगळ्यांवर दूरचित्रवाणीने जे तोंडसुख घेतले ते अनेकांना आजही आठवत असेल. दुसरे उदाहरण जुलै २०११चे. पाकिस्तानच्या परराष्ट्रमंत्री हिना रब्बानी खार, वय अवघे ३४, चर्चेसाठी दिल्लीत आल्या आणि आपल्या वृत्तपत्रांनी त्यांची बर्किन बॅग (एक अतिशय महागडी पर्स), मोत्यांची माळ व गॉगल यांचा असा काही पंचनामा केला की चर्चा कशावर झाली हे शोधून वाचावे लागे. त्याच दौऱ्यात त्यांनी चर्चेपूर्वी हुरियत या काश्मिरी फुटीरतावादी गटाच्या नेत्यांची भेट घेतली होती, ज्यावर भारताने नाराजी नोंदवली. आणि नियंत्रणरेषेपलीकडील व्यापाराचे दिवस आठवड्यात दोनाचे चार करण्याचे ठरले. टेबलाच्या या बाजूला आपले तत्कालीन परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा बसले होते. सूट शिवून घ्यावा तर त्यांच्यासारखा, अशी त्यांची ख्याती होती. पण त्यांचा शिंपी कोण, हे कोणी विचारले नाही.

पाटलांच्या बाबतीत निदान प्रसंगाचा संबंध होता: स्फोट झालेले असताना गृहमंत्र्यांचे लक्ष कुठे आहे, हा नागरिकाचा रास्त प्रश्न आहे. खार यांच्या बॅगेला असा कोणताही प्रसंग चिकटलेला नव्हता. माझ्या मते पहिली कसोटी हीच.

मांजरा_काठ :
वरील मांडणी मला अर्धीच पटते. पाटीलसाहेब लोकसभेचे अध्यक्ष होते तेव्हाही तसेच नीटनेटके राहत. तो त्यांचा स्वभावच होता. त्या वर्षी मे महिन्यात जयपूर, जुलैत बंगळूर व अहमदाबाद आणि नंतर दिल्ली अशी स्फोटांची मालिका झाली होती. गुप्तवार्ता यंत्रणा चार वेळा का चुकली, हे खोदून विचारायला मेहनत लागते, तर दोन छायाचित्रे एकमेकांशेजारी लावायला पाच मिनिटे पुरतात. मुंबई हल्ल्यानंतर ३० नोव्हेंबरला त्यांनी राजीनामा दिला. लोकांच्या लक्षात मात्र कपडे राहिले. तेव्हा प्रसंगाचा संबंध असूनही बातमी उथळ असू शकते.

वकील_अण्णा :
दोघांच्याही बोलण्यात पैशाचा मुद्दा राहून गेला आहे, आणि माझ्या दृष्टीने खरी कसोटी तीच आहे. पर्सची किंमत कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते, पण तिचे बिल कोणी भरले हे तिथे मिळत नाही. म्हणून आपल्याकडे किमतीची बातमी होते आणि बिलाची होत नाही. जानेवारी २०१५मध्ये ओबामांच्या भेटीवेळी पंतप्रधानांनी स्वतःचे नाव विणलेला सूट घातला. त्यावर टिंगल पुष्कळ झाली, परंतु विचारण्याजोगे होते ते हे की सूट आला कुठून. तो भेट मिळालेला होता, आणि फेब्रुवारीत सुरतेच्या लिलावात ४ कोटी ३१ लाखांना गेला. ('सूट-बूट की सरकार' हा राहुल गांधींचा टोला त्यानंतर एप्रिलमध्ये, भूसंपादनाचा वाद ऐन रंगात असताना आला आणि चांगलाच झोंबला.)

कायद्याचा एक दुवाही उपयोगी पडेल. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात दागिन्यांचे वजन व मूल्य लिहावे लागते. कपड्यालत्त्यांचे काय, यावर एप्रिल २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचल प्रदेशातील एका निवडणूक प्रकरणात भाष्य केले: कपडे, बूट, भांडीकुंडी अशी प्रत्येक जंगम वस्तू जाहीर करण्याची गरज नाही; मात्र वस्तू इतकी मौल्यवान असेल की ती स्वतःच मोठी मालमत्ता ठरेल किंवा ऐषारामी राहणी दाखवील, तर ती जाहीर केली पाहिजे. न्यायालयाने त्यासाठी उदाहरण घेतले ते घड्याळांचेच. तेव्हा ताई, तुमच्या पानावर नसलेली ती दोन घड्याळे प्रतिज्ञापत्राशी ताडून पाहण्याजोगी आहेत.

मुद्रितशोधक :
अण्णा, आभारी आहे. पण विवाहसोहळा हा खासगी समारंभ नव्हे का? तिथल्या झगमगाटाचा हिशेब मागण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे?

जुना_बातमीदार :
फेब्रुवारी २०१३ आठवा. राज्यात भीषण दुष्काळ असताना तत्कालीन राज्यमंत्री भास्कर जाधव यांच्या मुलांचे विवाह चिपळुणात थाटात झाले. खुद्द शरद पवारांनी जाहीर नाराजी व्यक्त केली आणि जाधवांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. खर्चाची बाजू कोणी सांभाळली, हा प्रश्नही तेव्हाच पुढे आला. त्या वार्तांकनात वधूच्या शालूवर कोणी शेरे मारल्याचे मला आठवत नाही. मंडप, जेवणावळी आणि त्यांचा खर्च यांवरच रोख होता. मांडवात मंत्री, ठेकेदार आणि अधिकारी एका पंगतीला बसतात तेव्हा समारंभ खासगी राहतो असे मला वाटत नाही, पण चौकशी यजमानांच्या हिशेबाची करावी, पाहुण्या स्त्रियांच्या पदराची नव्हे.

मांजरा_काठ :
यावर मात्र सहमत. आणि ते डिझायनरचे प्रसिद्धिपत्रक? त्यातील मजकूर छापायचाच असेल तर तो जाहिरात विभागाकडे पाठवून रीतसर दर आकारावा, बातमीच्या ओळीत फुकट जाऊ देऊ नये. पुढच्या वेळी वरिष्ठांना एवढेच विचारून पाहा की पर्सची किंमत छापताना घड्याळांची का गाळली. उत्तर काय मिळते ते इथे जरूर कळवा.