मेंढपाळ रक्ताचा, तरीही निवांत कुत्रा: तुमचे अनुभव लिहा

उंबरठा:
बऱ्याच चर्चेनंतर घरात कुत्रा आणायचं ठरलंय. नवऱ्याचं लहानपण कुत्र्यांत गेलं. मला हुशार आणि माणसाच्या आसपास राहणारा कुत्रा हवाय. सासूबाई काठी घेऊन चालतात, त्यामुळे धडका मारणारा नको. निवारा केंद्रातले दोन मनात भरलेत. एक बॉर्डर कॉली मिक्स, वय नऊ-दहा महिने, डोळे असे की आपल्यावरून हलतच नाहीत. दुसरी शेफर्ड मिक्स मादी, साधारण चार वर्षांची. आम्ही गेलो तेव्हा तिने वास घेतला, शेपटी हलवली आणि परत जाऊन आडवी झाली. नवरा अर्थातच पहिल्यावर भाळलाय.

'अत्यंत हुशार, अत्यंत उत्साही, अनुभवी मालकांसाठीच' हे वाचून वाचून पाठ झालंय. मला अशा कुत्र्यांसोबत राहिलेल्यांचे अनुभव हवेत. मेंढ्या-गुरं वळणाऱ्यांच्या वंशातला, मिश्र जातीचा, पण घरात निवांत असणारा कुत्रा तुम्हाला मिळाला का? कसा ओळखलात? आणि दुपारी, घरात काहीच घडत नसतं तेव्हा तो काय करतो?

रानवारा:
शेवटचा प्रश्न लाखमोलाचा. लोक कुत्रा कसा धावतो ते बघून निवडतात, आणि मग उरलेला सगळा दिवस त्याच्या न धावण्याशी झगडतात.

आमचा बॉर्डर कॉली आणि आणखी कशाकशाचं मिश्रण. आणला तो वयात आल्यावर. आणण्याआधी काही वेळा नुसते त्याच्याजवळ जाऊन बसलो. खेळणं नाही, खाऊ नाही, हाका नाहीत. पहिली काही मिनिटं तो हुंगत, घुटमळत फिरायचा. मग बघायचं होतं ते हेच, की आमच्याकडून काही घडत नाही म्हटल्यावर हा काय करतो? बाजूच्या पिंजऱ्यातली कॉली येरझाऱ्या घालत राहायची, हा एक सुस्कारा टाकून कुशीवर व्हायचा.

दुसरी गोष्ट नजर. बॉर्डर कॉली इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर घडली. 1893 साली जन्मलेला ओल्ड हेम्प हा या जातीचा मूळपुरुष मानतात, आणि त्याचं नाव झालं ते न भुंकता, न चावता, नुसत्या नजरेने मेंढ्या हलवण्यामुळे. खरं तर ही शिकारीचीच साखळी आहे. हेरणं, नजर रोखणं, दबा धरणं, पाठलाग, मग चावा. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून सुरुवातीच्या पायऱ्या ठळक केल्या आणि शेवटची दाबून टाकली. मिश्र पिल्लात यातला कोणता तुकडा उतरेल ते सांगता येत नाही. दोन जातींची बरोब्बर सरासरी निघते हा गैरसमज आहे. एकाच वितीत एक पिल्लू दिवसभर सावल्यांमागे धावतं आणि दुसरं लोळत पडतं.

म्हणून आम्ही त्याला रस्त्याच्या कडेला नेऊन सायकली जाऊ दिल्या. तो थबकला, मान खाली गेली, एक पाय उचलला. म्हणजे रक्त होतंच. पण हाक मारल्यावर त्याने आपण होऊन मान वळवली. माझ्या लेखी निवड तिथेच झाली. नजर रोखणं चालेल, ती सोडवता आली पाहिजे.

दुपारी झोपतो. घरातली माणसं वेगवेगळ्या खोल्यांत असतील तर सगळ्यांच्या मध्ये, जाण्यायेण्याच्या वाटेवर. कळप नजरेखाली हवा ना!

पाचोळा:
घरात लहान मुलं येत-जात असतील तर टाचा सांभाळा. आमची कॅटल डॉग मिक्स. हे कुत्रे मेंढ्यांपुढे जाऊन रोखणारे नव्हेत, तर गुरांच्या मागे राहून टाचेला चिमटा घेत हाकणारे. कॉर्गीसुद्धा त्यातलाच, आखूड पायांवर जाऊ नका. मुलं धावली, किंचाळली की आमचीचे दात घोट्यापर्यंत पोचायचे. रागाने नाही, कर्तव्यबुद्धीने. पोटरीला वळ उठले की हा फरक मुलांना कोण समजावणार?

रागावून उपयोग झाला नाही, कारण ओरडणं हा तिच्यासाठी गोंधळाचाच भाग. मुलांना 'झाड व्हा' शिकवलं: ती मागे लागली की जागच्या जागी थांबायचं, हात अंगाशी. हलणारं काही उरलं नाही की तिचा रस संपतो. पळापळीचे खेळ असतील तेव्हा ती जाळीच्या पलीकडे. एरवी अत्यंत समंजस बाई आहे.

खडूफळा:
मिश्र जातीच्या पाटीवर फार भिस्त ठेवू नका. केंद्रातले लोक बऱ्याचदा रूपावरून अंदाज बांधतात. काळा-पांढरा, झुपकेदार शेपटी, झाला कॉली मिक्स. आमच्या 'कॉली मिक्स'ची डीएनए चाचणी केली तर कॉली औषधापुरताच निघाला.

2022 साली 'सायन्स' नियतकालिकात अमेरिकेतल्या 18,000 हून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून भरून घेतलेल्या माहितीवर, आणि त्यातल्या 2,155 कुत्र्यांच्या जनुकांवर आधारलेला अभ्यास आला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी जेमतेम 9 टक्के फरक जातीमुळे पडतो, असा त्याचा निष्कर्ष. मग जात कशाला विचारायची? समोरचा कुत्रा बघा.

रानवारा:
खडूफळा, निम्मं पटलं. त्याच अभ्यासात माणसाच्या सूचना ऐकण्याची तयारी या गुणावर जातीची छाप बाकीच्यांपेक्षा जास्त दिसली होती. आणि कॉलीच्या घरात राहिलेल्या कुणालाही ती दबा धरायची ढब योगायोग वाटणार नाही. समोरचा कुत्रा बघा हे मात्र शंभर टक्के.

सांजसावली:
मी केंद्रात मदतीला जाते, त्यामुळे थोडं वेगळं सांगते. उंबरठाताई, तिथे आडवा झालेला प्रत्येक कुत्रा निवांत नसतो. घाबरून गोठलेला कुत्राही हालचाल करत नाही. फरक अंगात दिसतो. गोठलेल्याची शेपटी पोटाखाली, अंग ताठ, तोंड घट्ट मिटलेलं किंवा गारव्यातही धाप, सारखं ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभया. खाऊ समोर धरला तरी तोंड फिरवतो. निवांत कुत्रा एका कुल्ल्यावर कलून बसतो, खाऊ घेतो, दार वाजलं तर कान टवकारतो आणि पुन्हा मान टेकतो. तुमची शेफर्ड मिक्स वास घेऊन, शेपटी हलवून मग गेली हे चांगलं लक्षण आहे. तरी निरनिराळ्या वेळी जाऊन बघा.

घरी आल्यावर खरा स्वभाव उलगडायला आठवडे, कधी महिने लागतात. पहिल्या आठवड्यात 'किती गुणी!' म्हणून निरोप पाठवणारे लोक महिन्याभराने 'हा आता दारावर भुंकायला लागला' म्हणून फोन करतात. बिघडलेला नसतो, स्थिरावलेला असतो. म्हणूनच आधी फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरतं सांभाळायला, नेता येत असेल तर न्या.

आणि त्या नऊ-दहा महिन्यांच्या पोराबद्दल आत्ताच काही ठरवू नका. वाढ आणि वागणं दोन्ही अर्धवट असतं त्या वयात. बहुतेक कुत्र्यांचा स्वभाव दोन-तीन वर्षांच्या सुमाराला पक्का होतो. शांत कुत्राच हवा असेल तर मोठा झालेला घ्यावा, हे माझं ठाम मत. काय मिळतंय ते समोर दिसतं.

भटकभवानी:
मी पिल्लू आणलं होतं आणि आज ते शांत आहे, तेव्हा सांजसावलीताईंशी थोडी असहमत. मात्र ही शांतता मुद्दाम शिकवावी लागली.

सगळे सांगतात की दमवा, दमवा. चेंडू फेकून फेकून रोज दमवलं तर कुत्रा शांत होत नाही, तालीमबाज पैलवान होतो. उद्या तेवढ्यानं त्याचं भागत नाही. पाठलागाची हौस ज्यांच्या रक्तात आहे त्यांना चेंडूचं अक्षरशः व्यसन लागतं. आमच्या ट्रेनरने चेंडू जवळपास बंद करवला. त्याऐवजी सैल पट्ट्यावर हुंगत हुंगत फेरफटका, आणि घरात लपवलेला खाऊ नाकाने शोधणं. नाकाचं काम डोकं थकवतं आणि डोळ्यांना सुट्टी देतं. शिवाय एक चटई. चटईवर आपण होऊन बसला की गुपचूप एक दाणा पंजांच्या मध्ये ठेवायचा. कौतुक नाही, टाळ्या नाहीत. हळूहळू चटई म्हणजे काही न करण्याची जागा झाली.

मोठा कुत्रा दिवसातले बारा-चौदा तास झोपतो, पिल्लू त्याहून जास्त. वळणाऱ्या वंशातली पिल्लं आपण होऊन झोपायला जात नाहीत, त्यांना वाटतं पाळी आपलीच चालू आहे. संध्याकाळी घरभर गोल गोल पळणारं पिल्लू बहुतेक वेळा झोपेला आलेलं असतं.

काजळरेघ:
एक महत्त्वाची गोष्ट राहिली, औषधं. कॉली आणि त्यांच्या नात्यातल्या जातींमध्ये एमडीआर-1 नावाच्या जनुकात बिघाड आढळतो. मेंदूत शिरलेलं काही औषध बाहेर ढकलणारी यंत्रणा त्यामुळे चालत नाही. 2001 साली याचा शोध लागला. रफ कॉलींमध्ये (बॉर्डर कॉली नव्हे, सिनेमातल्या लॅसीची जात) साधारण 70 टक्के, ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये साधारण निम्मे कुत्रे हा बिघाड बाळगतात. मिश्र जातीतही तो उतरतो, आणि रूपावरून कळत नाही.

अशा कुत्र्याला आयव्हरमेक्टिनचे मोठे डोस, जे खरजेसारख्या आजारात देतात, जिवावर बेतू शकतात. झोकांड्या, आंधळेपणा, झटके, बेशुद्धी. जुलाबावर माणसं घेतात ते लोपेरामाइडही तसंच, तेव्हा घरातली गोळी कुत्र्याला देऊ नका. भुलीआधीच्या काही औषधांचा डोसही कमी ठेवावा लागतो. चाचणी सोपी आहे, गालाच्या आतून बोळा फिरवून नमुना घेतात. आमच्या कुत्रीची केली, तर जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक सदोष निघाली. फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरात लिहून ठेवलंय.

डोळ्यांत फूल:
माझ्याकडे ऑस्ट्रेलियन शेफर्ड मिक्स आहे, जवळजवळ पांढरी, जन्मापासून बहिरी. तो ठिपकेदार, निळसर-राखाडी मर्ल रंग लोकांना फार आवडतो म्हणून दोन मर्ल कुत्र्यांची जोडी लावतात आणि सरासरी चारातल्या एका पिल्लाला तो जनुक दोन्हीकडून मिळतो. अशी पिल्लं बऱ्याचदा बहिरी, आंधळी, कधी दोन्ही असतात.

वळणाऱ्या जाती आवाजाला फार बिचकतात. हिला ढगांचा गडगडाट ऐकूच येत नाही. पाऊस कोसळत असताना शेजारचा धिप्पाड कुत्रा पलंगाखाली शिरतो आणि आमच्या बाईसाहेब खिडकीशी बसून विजा बघतात. सगळ्या खुणा हातांच्या. उठवताना अंगाला हात लावण्याआधी तिच्याजवळ जमिनीवर थाप मारायची, म्हणजे दचकत नाही.

उंबरठा:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज पुन्हा गेलो आणि रानवारांनी सांगितलं तसं नुसतं बसून राहिलो. कॉली पोराने नवऱ्याच्या बुटाची नाडी सोडवली आणि मग त्याच बुटावर नजर रोखून बसला, हाकेला दाद नाही. शेफर्ड मिक्सने खाऊ घेतला, दारावर कुणी आलं तेव्हा बघितलं, पुन्हा लवंडली. तिला फॉस्टर म्हणून आणतोय. नवऱ्याचा चेहरा अजून पडलेला आहे. चाचणीचं डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. सासूबाईंच्या काठीसाठी काय तयारी करावी?

तुळशीवृंदा:
माझी आई वॉकर घेऊन चालते आणि आमचा शेफर्ड मिक्स तिचा सोबती आहे, म्हणून लिहिते. पहिले दिवस काठी नुसती जमिनीवर पडलेली दाखवा, हुंगू द्या, शेजारी खाऊ टाका. मग हातात धरून उभ्या राहा. चालत्या काठीची ओळख सगळ्यात शेवटी, कारण हलणारी वस्तू म्हटली की यांचे कान उभे राहतात.

खरा धोका धडकेचा कमी आणि पायात येण्याचा जास्त असतो. हे कुत्रे माणसाला वळवायला आडवे येतात. आम्ही त्याला आईच्या मागून चालायला शिकवलं, खाऊ नेहमी तिच्या पाठीमागेच मिळायचा. रात्री उठताना तो वाटेत झोपलेला असू शकतो, म्हणून पलंगापासून न्हाणीघरापर्यंत मंद दिवा आणि त्याच्या पट्ट्याला छोटं घुंगरू. सासूबाईंना ऐकू नीट येत असेल तर घुंगरू पुरतं, नाहीतर पट्टा चमकणारा घ्या.