शब्दचर्चा: 'सॅम्पलिंग रेझोल्यूशन'ला काय म्हणावं?

अनुस्वार: फिल्म स्कॅन करण्यावरची एक पुस्तिका मराठीत आणतेय. रेझोल्यूशनला मी 'विभेदन' लिहिलं होतं, संपादकांनी सगळीकडे 'स्पष्टता' केलं. आता एक वाक्य असं झालंय: 'स्कॅनची स्पष्टता फिल्मच्या स्पष्टतेच्या किमान दुप्पट हवी.' यातून वाचकाला काय कळणार? फिल्मवर मिलिमीटरमागे ८० रेषाजोड्या (एक काळी, एक पांढरी) सुट्या दिसत असतील, तर स्कॅनरनं तेवढ्याच जागेत किमान १६० ठिकाणी वाचायला हवं, म्हणजे इंचाला साधारण ४०००. दोन्हींना वेगळे शब्द हवेत.

डार्करूम: रेझोल्यूशनच ठेवा. स्कॅनर वापरणारा दुसरं काही म्हणत नाही.

दुसरी_वेलांटी: सगळे तेच म्हणतात म्हणून आपले शब्द मोडीत काढायचे? फिल्मला 'विभेदन' ठेवा. 'भिद्' म्हणजे फोडणं, वेगळं करणं. नेमकं तेच हवंय. सॅम्पलिंगला, म्हणजे स्कॅनरच्या ठिकठिकाणच्या वाचनाला, 'वेचणी' म्हणा. कापसाची वेचणी, पाठ्यपुस्तकातले वेचे. 'वेचणीची दाटी, इंचाला ४०००.'

डार्करूम: वेचणीत काही घेतात, काही सोडतात. स्कॅनर तर अख्खी फ्रेम वाचतो.

दुसरी_वेलांटी: वाचतो, पण प्रत्येक ठिकाणी सरासरी उजेड तेवढा टिपतो, त्याच्या आतला बारकावा सुटतोच. म्हणून तर वेचणी विरळ झाली की कधीकधी स्कॅन मूळ निगेटिव्हपेक्षा जास्त रवाळ दिसतो.

जुना_रोल: मुळात फिल्मचं विभेदन हा एकच आकडा नसतो. वेल्व्हिया ५० या फुजीच्या स्लाइड फिल्मच्या माहितीपत्रकात ठळक काळ्या-पांढऱ्या रेषांसाठी मिलिमीटरला १६० आणि उजेडाचा फरक कमी असलेल्या रेषांसाठी ८० दिलंय. ४००० ला स्कॅन केलं तर ३५ मिमीची फ्रेम सुमारे २१ मेगापिक्सेलची होते. त्यात ८० जेमतेम बसतात, १६० नाही. शब्द कुठलाही घ्या, कोणता आकडा धरलाय ते लिहा.

अनुस्वार: ते तळटीपेत घालते. पण 'वेचणी' संपादकांच्या गळी कशी उतरवू?

डार्करूम: वर 'रवाळ' आलंय. रंगीत निगेटिव्हमध्ये चांदीचे रवे उरतातच कुठे? प्रक्रियेत चांदी निघून जाते, राहतात ते रंगाचे बारीक ढग.

दुसरी_वेलांटी: रवाळपणा डोळ्यांना दिसतो, चांदी असो वा नसो. शब्द दिसण्यावरून पडतो.

जुना_रोल: मग 'ढगाळ' का नाही?

डार्करूम: 'ढगाळ' नको. धुरकट झालेल्या निगेटिव्हला मी तेच म्हणतो.