डिशमधल्या मेंदूच्या चकतीने टायमिंग शिकलं म्हणजे नेमकं काय?

निशिगंध८८: उंदराच्या मेंदूचा तुकडा डिशमध्ये जिवंत ठेवून त्याला वेळेचा पॅटर्न शिकवला असं वाचलं. कान नाहीत, डोळे नाहीत, बरोबर आलं तर खाऊ नाही, मग शिकला हे ठरवलं कशावरून? आणि मेंदूत वेळ मोजणारं घड्याळ एका जागी असतं ना, ते या तुकड्यात कुठून आलं?

पेशीवाला: हे अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठातले मेंदूसंशोधक डीन बुओनोमानो यांच्या लॅबचं काम. कॉर्टेक्सची (मेंदूच्या बाहेरच्या थराची) अर्ध्या मिलिमीटरहून पातळ चकती सच्छिद्र पडद्यावर ठेवतात, खालून पोषक द्रव, वरून हवा, की ती इन्क्युबेटरमध्ये छान जगते. पेशींमध्ये प्रकाशाला प्रतिसाद देणारी प्रथिनं घातलेली असतात त्यामुळे कान-डोळे लागतच नाहीत, एका प्रकाशाने काही पेशी जाग्या होतात, दुसऱ्याने दुसऱ्या. २०२५ च्या पेपरात आधी एक प्रकाश आणि ठरावीक वेळाच्या अंतराने दुसरा असं २४ तास दिलं, काही चकत्यांना अंतर कमी, काहींना जास्त. मग बारीक टोकाची काचेची नळी एकेका पेशीला लावून व्होल्टेज बघितला. नुसता पहिला प्रकाश दिला तरी दुसरा यायच्या वेळेच्या आसपास पेशींमध्ये विजेची हालचाल दिसली, कमी अंतरवाल्यांत लवकर आणि जास्तवाल्यांत उशिरा. शिकली म्हणतात ते यावरून.

खडूफळा: पण जास्त वेळ चेतवल्यामुळे नुसता प्रतिसाद लांबला असेल तर?

पेशीवाला: तसं असतं तर दोन्ही गटांत सारखंच दिसलं असतं, फरक फक्त अंतराचा होता ना. शिवाय काही पेशींमध्ये अपेक्षा आणि घडलेलं यातला फरकही दिसला. २०१० मध्येही याच लॅबने १०० ते ५०० मिलिसेकंदांच्या अंतरांवर असं काम केलं होतं, तेव्हा २ तासांतच चकतीच्या प्रतिसादात बदल दिसले होते.

मेधा_ठाणे: घड्याळाचं सांगते. बुओनोमानोंच्या मतानुसार वेगळं घड्याळ लागतच नाही. तळ्यात खडा टाकला की तरंग किती पसरलेत त्यावरून किती वेळ झाला ते कळतं, तसं पेशींच्या जाळ्याची त्या क्षणाची अवस्था म्हणजेच वेळ. ट्रेनिंगनंतर पहिल्या प्रकाशाने जाग्या होणाऱ्या पेशींकडून दुसऱ्याने जाग्या होणाऱ्यांकडे जाणारी जोडणी उलट दिशेपेक्षा जास्त पक्की झाली असा त्यांचा निष्कर्ष आहे, निदान काही अंशी तरी शिकणं त्यात आहे. मला यातलं सगळ्यात भारी काय वाटलं सांगू का, काहीच प्रकाश नसताना चकती आपणहून तोच क्रम पुन्हा चालवत होती आणि हे असं होईल अशी त्यांची अपेक्षाही नव्हती!

निशिगंध८८: म्हणजे वरून कोणी सांगायची गरजच नाही, तेवढ्याशा जाळ्यात शिकायचे नियम आहेत. खूप आभार दोघांचे, पेपर आज रात्रीच वाचायला घेते.