मदत हवी आहे : बिकिनी बेटावरील उरलेला किरणोत्सर्ग कसा मोजावा?

विद्यार्थ्यांसाठी मी प्रशांत महासागरातील मार्शल बेटांमधील बिकिनीवर टिपण लिहीत आहे. अमेरिकेने तेथे १९४६ ते १९५८ या काळात २३ अणुचाचण्या केल्या. सीझियम-१३७ या अणुस्फोटातून पसरणाऱ्या किरणोत्सर्गी मूलद्रव्याचा अर्धायुकाल (ते निम्मे उरायला लागणारा काळ) सुमारे ३० वर्षांचा असल्याने १९५४च्या स्फोटातील साधारण पाचवा हिस्साच आता उरला असावा, इथवर मला कळते. अडचण पुढे आहे. प्रवाळी मातीत पोटॅशियम फार कमी असल्यामुळे नारळाची झाडे त्याऐवजी, रासायनिकदृष्ट्या त्याच्यासारखेच असलेले सीझियम शोषून घेतात. म्हणून जमिनीपासून मीटरभर उंचीवरचे गॅमा किरणांचे मापन कमी दिसले, तरी तेथील नारळ रोज खाणाऱ्याच्या शरीराला किरणोत्सर्गाची किती मात्रा मिळेल, हे त्यावरून समजत नाही. चाचण्यांसाठी आधी हलवलेल्या आणि नंतर परतून वसलेल्या रहिवाशांना १९७८ मध्ये पुन्हा बेट सोडावे लागले, ते अशाच अन्नामुळे, आणि ही गोष्ट मनाला फार लागते. खोबऱ्यातील किलोमागे बेकरेलवरून (किरणोत्सर्गी पदार्थाच्या सक्रियतेचे एकक) वार्षिक मात्रा मिलिसिव्हर्टमध्ये (शरीराला मिळणाऱ्या मात्रेचे एकक) कशी काढावी आणि त्यात रोजच्या आहाराचे प्रमाण कसे धरावे, हे जाणकारांनी कृपया उदाहरणासह सांगावे.