मदत हवी आहे: वॉरक्राफ्टमधल्या जेनाचं आख्यान लावायचंय, थ्रॉलला राक्षसपार्ट कसा देऊ?

मंडळी, नमस्कार.

आमची वाडी मालवणपासून जवळच. गणपतीत पोरांचा एक कार्यक्रम असतो, एरवी रेकॉर्ड डान्सवर भागतं. यंदा पोरांनी हट्ट धरलाय की दशावतार करायचा, पण आख्यान वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधलं. मे महिन्यात चाकरमान्यांच्या मुलांनी इथल्या पोरांना या गेमचा नाद लावला. मी पेटी वाजवतो आणि स्वतः गेमही खेळतो, त्यामुळे लोढणं माझ्या गळ्यात आलं. खोटं कशाला बोलू, आवडलंय.

गेम २००४ सालचा, पण त्याच्या मागची कथा १९९४ च्या पहिल्या वॉरक्राफ्टपासून चालत आलेली. एवढ्या वर्षांत ॲझरॉथचा, म्हणजे गेममधल्या जगाचा, पसारा असा वाढलाय की एका रात्रीत काय, अख्ख्या सप्ताहात सांगून व्हायचा नाही. मोठ्या पोरांना आर्थस हवा होता. बापाला सिंहासनासमोर मारणारा राजपुत्र, मग लिच किंग. पण मढ्यांची सेना गणपतीसमोर नाचवायला घरच्या म्हाताऱ्या माणसांनी साफ नकार दिला. मलाही ते पटलं. आपल्याकडे समुद्राची गोष्ट चालेल म्हणून मी जेना प्राऊडमूर सुचवली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कुल टिरास हे दर्यावर्दी लोकांचं राज्य, आरमारावर जगणारं. डेलिन प्राऊडमूर तिथला सरखेल, जेना त्याची मुलगी, जादू शिकलेली. ऑर्क नावाच्या हिरव्या, सुळेवाल्या जमातीशी झालेल्या दुसऱ्या युद्धात डेलिनचा मोठा मुलगा डेरेक गेला, त्याचं आरमार ड्रॅगनांनी जाळलं. पुढे लॉर्डेरॉनचं राज्य बुडालं तेव्हा जेना वाचलेली माणसं घेऊन पश्चिमेला कॅलिमडोरला गेली. तिथे ऑर्कांचा पुढारी थ्रॉल भेटला. बर्निंग लीजनच्या सैतानांशी दोघे खांद्याला खांदा लावून लढले, तह केला, आणि जेनाने किनाऱ्यावर थेरामोर वसवलं. मग बाप आरमार घेऊन आला. त्याला तह मान्य नाही, ऑर्क दिसला की कापायचा एवढंच ठाऊक. थेरामोर त्याने आपल्या ताब्यात घेतलं. शेवटी ऑर्कांच्या बाजूने रेक्सर चालून आला. जेनाने माझ्या माणसांना हात लावू नका एवढी अट घातली आणि बाजूला झाली. डेलिन मारला गेला. हे सगळं २००३ च्या फ्रोझन थ्रोनमध्ये, म्हणजे तिसऱ्या वॉरक्राफ्टच्या पुढच्या भागात येतं.

गोष्ट घट्ट आहे. राजपार्ट डेलिन, स्त्रीपार्ट जेना, दरबार, युद्ध, पदांना जागा, सगळं मिळतं. जहाज कसं दाखवायचं हाही प्रश्न नाही. आपलं बाकडं सिंहासन होतं, रथ होतं, तसं गलबतही होईल. पोरांनी तालमीत एकाला बाकड्यावर उभं करून मागून दोघांनी चादर हलवली, झालं आरमार.

अडलंय ते थ्रॉलपाशी. ऑर्क म्हणजे हिरवा, सुळे बाहेर आलेले. त्या रंगात पोरगा आत आला की लोक त्याला राक्षसपार्टच समजणार. राक्षसपार्ट म्हटला की तो गर्जना करत येणार, आडवातिडवा नाचणार, आणि शेवटी मरणार. इथे तो मरत नाही, उलट शब्द पाळतो. मरतो तो राजा. गेम न खेळलेल्या माणसाला हे तासाभरात गळी कसं उतरवायचं? रंग बदलावा असं एकाने सुचवलं, पण थ्रॉलला गोरा केला तर पोरंच मला समुद्रात टाकतील.

दुसरं, रेक्सर ठेवू की गाळू? तो अर्धा ऑर्क, अर्धा ओगर (म्हणजे धिप्पाड राक्षसी जात), बरोबर अस्वल. त्याची ओळख करून देण्यातच वेळ जाईल. आणि तिसरं, शेवट कुठे करू? बाप मेल्यावर पडदा टाकला तर मुलगी वाईट ठरते.

जाणकारांनी सांगा. पोरं इथे वाचत असतात, तेव्हा जरा सांभाळून.

---

दर्यातलो_खवळो: राक्षस गरजत इलो नाय तर लोक चाय पियूक उठतले, ह्या आधी ध्यानात घे. गर्जना होयीच. पण गर्जना करून येणारो थ्रॉल कशाक? आधी जुने ऑर्क आण. मॅनोरॉथ सैतानाचा रगात प्यायलेले, डोळे लाल, माणसांची गावां जाळणारे. थय काय ती तलवारबाजी करा, आरडाओरड करा. डेरेक थयच मरांदे. मगे थ्रॉल येवंदे, हळू चलत. लोकांका फरक आपसूक कळतलो.

पेटाऱ्याची_चावी: वरच्यांशी सहमत, आणि त्यात तुमच्या रंगाचं उत्तरही आहे. ऑर्क मुळात ड्रेनॉर या जगातले आणि तपकिरी. सैतानी जादूच्या संसर्गाने ते हिरवे झाले. पुढे ग्रॉम हेलस्क्रीम या ऑर्क सरदाराने मॅनोरॉथला मारलं तेव्हा रक्ताचा शाप सुटला, पण कातडीचा हिरवेपणा गेला नाही. थ्रॉल तर ते रक्त कधी प्यायलेलाही नाही, तरी जन्मतःच हिरवा. म्हणजे डेलिन जे बघतोय तेच तुमचे प्रेक्षक बघणार: हिरवा म्हणजे राक्षस. अख्खं आख्यान यावरच उभं करा. रंग अजिबात बदलू नका.

थ्रॉलच्या तोंडी त्याचा भूतकाळ घाला. तान्हा असताना माणसांच्या हाती लागला, ब्लॅकमूर नावाच्या सरदाराने त्याला गुलाम म्हणून वाढवलं, आखाड्यात झुंजवलं. पळून गेल्यावर त्याने छावण्यांत कोंडलेले आपले लोक सोडवले. यावर एक संथ पद होईल, भैरवीत नको, तिला अजून वेळ आहे. आणि बळीराजा आपल्याकडे आहेच की. असुर असून दिलेला शब्द पाळणारा. नाईकाने सुरुवातीला एका ओवीत बळीचं नाव घेतलं की म्हातारी मंडळी थ्रॉलला जागा देतील.

धागाकर्ता: बळीचं डोक्यात आलंच नव्हतं. रक्ताच्या प्याल्याचा प्रवेश पक्का. पण मग दक्ष आणि सतीच्या अंगाने जेना लावावी का? तिथेही बाप ऐकत नाही आणि मुलगी मध्ये सापडते.

उत्तररात्र: दक्ष नको. दक्ष अहंकारी आहे, लोकांना त्याचा राग येतो. डेलिनचा राग येता कामा नये. त्याचा मुलगा जाळलाय. त्याच्या जागी तुम्ही-मी असतो तर तहाच्या कागदावर सही केली असती का? राजपार्ट करणाऱ्या पोराला हे नीट सांगा, नाहीतर तो नुसता मिशीला पीळ देत बसेल. बापलेकीच्या सवालजवाबाला भरपूर वेळ ठेवा. दशावतारात संवाद लिहून देत नाहीत हे बरंच आहे. दोन्ही पोरांना आपापली बाजू सांगा आणि सोडा, तालमीत एकदा डेलिन जिंकला तरी हरकत नाही.

रेक्सर ठेवाच. थ्रॉलने स्वतः मारलं तर तुमचा बळीराजा गेला. रेक्सरची ओळख एका वाक्यात होते. अस्वल मात्र गाळा. त्याऐवजी रेक्सरबरोबर असलेला चेन घ्या, दारूचं पिंप वाहणारा पांडा. विनोदी पात्राची सोय होईल. गणपतीसमोर पिंपात सोलकढी आहे म्हणायचं.

शेवट बापाच्या मरणावर करू नका. गेमच्या २०१८ च्या बॅटल फॉर ॲझरॉथ या विस्तारात जेना मदत मागायला कुल टिरासला परतते. तिथली राजधानी बोरालस, तिथल्या वाड्यात आई कॅथरिन बसलेली. ती मुलीला जवळ घेत नाही, देशद्रोही ठरवून शिक्षा देते. पुढे आईलाच पश्चात्ताप होतो, ती जाऊन मुलीला सोडवून आणते, आणि जेना सरखेल होते. गेममध्ये हे लांबलचक आहे, तुम्ही दोन प्रवेशांत उरका. भैरवी कॅथरिनला द्या.

नेटवर्क_नाही: थोडं विषयांतर. पोरांना बोरालस बघायचं असेल तर फुकटात जमेल का?

पेटाऱ्याची_चावी: फुकट खातं विसाव्या पातळीपर्यंतच चालतं. बोरालस बघण्यापेक्षा त्यांना थेरामोरच्या दलदलीचे व्हिडिओ दाखवा, आख्यान घडतं तिथेच. फक्त जुने व्हिडिओ शोधा. २०१२ मध्ये पंडारियाच्या विस्ताराआधी हॉर्डने, म्हणजे ऑर्कांच्या बाजूने, मना-बॉम्ब हा जादूचा बॉम्ब टाकून थेरामोर उडवलं, त्यानंतरचे बघितले तर नुसता खड्डा दिसेल. आणि हे पोरांना सांगाच, कारण तो बॉम्ब टाकणारा गॅरॉश त्याच ग्रॉमचा मुलगा. डेलिन करणारा पोरगा यावरून सवालजवाबात चांगला भांडेल.

धागाकर्ता: तो आत्ताच भांडायला लागलाय. "म्हणजे माझंच खरं होतं ना," म्हणतो. जेना करणाऱ्याला अजून उत्तर सापडलेलं नाही, मी पण देत नाही.

तर ठरलं ते असं: आधी रक्ताचा प्याला, मग डेरेकचं जळकं आरमार, थ्रॉलचं पद, तह, बापलेक, रेक्सर, आणि शेवटी कॅथरिन. चेनसाठी वाडीतला सगळ्यात जाडा पोरगा स्वतःहून पुढे आलाय. हिरवा रंग कुठला लावावा, जो घामाने उतरणार नाही आणि पोरांच्या कातडीला त्रास देणार नाही, ते कुणी दशावतारी कंपनीत काम केलेल्याने सांगा. कॅथरिनच्या भैरवीला शब्द सुचले तर तेही टाका, चाल मी बसवतो.

दर्यातलो_खवळो: रंगाचा माझ्याकडे सोड. आमच्या कंपनीतलो राक्षसपार्ट माझ्या शेजारीच रवता, त्याका इचारून उद्या लिवतंय. सुळे मात्र पुठ्ठ्याचे करू नको, पद म्हणताना पडतले.