गाडीतून पक्ष्यांचे फोटो सॉफ्ट (धूसर) येतात, लेन्स बदलू का?

ऑरेंजसिटीकर: नमस्कार मंडळी. सुट्टीच्या दिवशी पहाटे उमरेड रोडने निघतो. शेताच्या कडेला गाडी लावून खिडकीतूनच भोवत्या, कापशी, नीलपंख टिपून राहिलो. १५०-६०० झूम आहे. शटर १/१६०० च्या वर, फोकस बरोबर डोळ्यावर, तरी पिसं सुटी दिसत नाहीत. ५०० ची प्राइम (झूम नसलेली लेन्स) घ्यावी म्हणतो. घरी अजून बोललो नाही. सुचवा.

पाणकावळा: घरी बोलूच नका, गरज नाही. आधी सांगा, गाडीत हीटर लावता का?

ऑरेंजसिटीकर: लावतो ना भाऊ. डिसेंबरातली पहाट आहे!

पाणकावळा: मग तिथंच गडबड आहे. काच खाली केली की आतली गरम हवा बाहेरच्या गार हवेत मिसळते, तीही नेमकी लेन्सच्या तोंडाशी. ठिकाणाच्या थोडं अलीकडेच हीटर बंद करा, चारही काचा उघडा, आतबाहेर सारखं होऊ द्या. स्वेटर घाला. बॉनेटवरून तर फोटो काढूच नका, इंजिनाची वाफ कोणतीही लेन्स कापत नाही.
खात्री करायची तर बसलेल्या पक्ष्याची लांब बर्स्ट मारा, म्हणजे बटण दाबून धरून सलग फोटो घ्या. प्रत्येक फ्रेममध्ये चोच वेगळीच वाकलेली दिसली तर दोष हवेचा. सगळ्या फ्रेम सारख्याच सॉफ्ट असतील तर फोकस तपासा.

रानवाटा: दादांशी सहमत. त्यात आपली काळी माती. ऊन चढलं की नांगरलेल्या शेतावर लहरी उठतात, मग ढेकळावर बसलेला चंडोल लांबून घेण्यात अर्थ नाही. तेव्हा तारेवरचा नीलपंख बघा, नाहीतर जवळ येईल तोच घ्या. क्रॉप करण्यापेक्षा जवळ जाणं केव्हाही बरं.
इंजिन बंद ना? चालू गाडीची थरथर दारातून सरळ लेन्समध्ये येते. आणि खाली उतरू नका. गाडीला पक्षी बुजत नाही, माणूस दिसला की उडतो.

ऑरेंजसिटीकर: इंजिन बंदच असतं. बीनबॅग (लेन्स टेकवायची दाणे भरलेली पिशवी) नाही, काच अर्धी वर घेऊन तिच्यावर लेन्स टेकवतो.

रानवाटा: अहो, काच जाईल! पूर्ण खाली करा, वजन दारावर येऊ द्या. जुन्या जीन्सचा पाय कापून एक टोक शिवा, तांदूळ भरा, दुसरं टोक शिवा. गच्च भरू नका, लेन्स रुतली पाहिजे.

पाणकावळा: तांदूळ नको हो ताई. धुक्यात ओलावा धरतो, डिक्कीत राहिला की पोरकिडे होतात. प्लास्टिकचे दाणे भरा.

रानवाटा: हलक्या बॅगवर मोठी लेन्स डगमगते. मी तांदूळच भरीन, उन्हात वाळवीन.

ऑरेंजसिटीकर: बरं, प्राइम बाजूला ठेवली. धुक्यात काय करू? फोटो राखाडी येतात.

पाणकावळा: धुकं पांढरं, म्हणून कॅमेरा फोटो काळवंडवतो. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +२/३ ते +१ करा, फोकसचा एकच पॉइंट ठेवा. कॉन्ट्रास्ट नसला की बाकीचे पॉइंट भरकटतात. लांबचं सोडा, धुक्यात बाभळीवरचा कोतवाल जवळून छान येतो.