बंडीना-ऑटफर्ड एका दिवसात?

वर विचारलंय की सिडनीच्या रॉयल नॅशनल पार्कातला बंडीना-ऑटफर्ड कोस्ट ट्रॅक एका दिवसात होतो का. २६ किलोमीटर आहे, होतो. पण आम्ही ट्रेकिंग क्लबबरोबर गेलो तेव्हा वाटेतल्या वॅटामोला बीचवरच थांबून डुंबत बसलो, आणि त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

क्लबचा नियम एकच: फाटा आला की सगळ्यात मागचा माणूस येईपर्यंत कुणी हलायचं नाही. आधी वैताग आला (आपण सह्याद्रीत आरोळ्या ठोकत पुढे पळणारे!), पण मोबाइलची रेंज गेली तेव्हा पटलं.

वाटेत बँक्सिया या ऑस्ट्रेलियन झाडाचं जुनं बोंड हातात घेऊन बघा. लाकडासारखं टणक, अंगभर घट्ट मिटलेले ओठ. काही जातींत वणव्याची धग लागली की ते उघडतात आणि बी पडतं. जानेवारी १९९४ मध्ये हे पार्क बहुतेक सगळं जळालं होतं, आज सांगून खरं वाटणार नाही.

दुसऱ्या खेपेला याच ट्रॅकचा गॅरी बीच ते ऑटफर्ड हा शेवटचा टप्पा केला. पाऊस झालेला असेल तर पाम जंगलात जळवा असतात. मोजे पँटवर ओढून घ्या, फॅशन गेली खड्ड्यात.